पान, पुठ्ठा आणि रुपया

आमच्या घरात दोन पाती होती. एक आईची विळी आणि दुसरी आप्पांची सुरी. विळी स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या अंगाला भिंतीला टेकून उभी असे. सुरीला मात्र स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती. ती मागच्या पडवीत, तुळईच्या खाचेत, धुवट फडक्यात गुंडाळलेली असे. रोज सकाळी आप्पा ती तेथून काढून सायकलीच्या पिशवीत ठेवीत आणि रात्री उशिरा परत आणून त्याच खाचेत सरकवीत. माझे सारे बालपण या दोन पात्यांच्या मधल्या जागेत गेले, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

आप्पा मूळचे निपाणीजवळच्या एका खेड्यातले. घरी तंबाखूची थोडी शेती, खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षी ते बेळगावच्या कॅम्पात आले आणि अधिकाऱ्यांच्या एका मेसमध्ये भांडी घासण्याच्या कामाला लागले. बेळगाव हे इंग्रजांच्या काळापासूनचे छावणीचे गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आजही येथेच आहे. सरकारदरबारी गावाचे नाव २०१४ साली बेळगावी झाले, आणि त्याआधी १९५६ साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. पण कॅम्पातील चिंचेची आणि गुलमोहराची झाडे, रुंद रस्ते आणि संध्याकाळी बेकऱ्यांतून येणारा पावाचा वास यांत त्यामुळे काही फरक पडला नाही. आप्पांच्या मेसमधला बिगुलही पूर्वीसारखाच वाजत राहिला.

भांड्यांवरून आप्पा चाकूंवर आले ते एका वृद्ध गोवेकर स्वयंपाक्यामुळे. सारे त्याला 'पात्रांव' म्हणत. या पात्रांवाने आप्पांच्या हाताची स्थिरता हेरली आणि त्यांना थंड मेजाचे काम शिकवले. थंड मेज म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी किंवा पार्टीच्या वेळी मांडायची ताटे : उकडून निववलेले हॅम, सलामी, भाजून गार केलेले मटण, कोंबडी, आणि चीज. यातले शिजवण्याचे काम दुसऱ्यांचे. आप्पांचे काम फक्त कापण्याचे. पंचवीसहून अधिक वर्षे त्यांनी हेच केले.

आईला हे काम कधी रुचले नाही. ती निपाणीची. आमच्या घरी मटण होत असे आणि ती ते झणझणीत करीत असे. पण ज्या सुरीने डुकराचे मांस कापले, ती सुरी देवघराला लागून असलेल्या स्वयंपाकघरात यावी हे तिला मान्य नव्हते. सुट्टीत आजोळी गेले की मावश्या विचारीत, "काय गं, आप्पा तुझे अजून सायबाच्या ताटात वाढत्यात का?" त्यांच्या प्रश्नात दुष्टपणा नव्हता, पण माझी मान खाली जाई.

एकदा मात्र मी आप्पांना काम करताना पाहिले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. त्यांचा डबा घरी राहिला होता, तो घेऊन मी मेसच्या मागच्या दाराशी गेले. दार उघडेच होते. आत पांढरा कोट घातलेले आप्पा एका लाकडी फळीपुढे उभे होते. फळीवर गुलाबीसर हॅमचा गोळा होता. आप्पा सुरी दाबत नव्हते. ती ते पुढे नेत आणि मागे आणीत, सारंगीवर गज फिरवावा तशी, आणि काप आपल्या वजनाने अलगद आडवा पडे. पहिला काप त्यांनी सुरीच्या पात्यावरच तोलून उजेडाकडे धरला, क्षणभर निरखला आणि मग ताटात ठेवला. पुढचे सारे काप त्याच्यासारखेच निघाले. मी डबा घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यांचे लक्ष गेले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बघ पोरी, सुरीनं कापायचं असतंय, ताकदीनं न्हवं."

त्या दिवशी घरी परतताना त्यांनी मला आपली तीन मापे सांगितली. मेसमधले साहेब कसले मोजमाप वापरीत असतील ते असोत. आप्पांची मापे आपल्या मुलखातली होती. सर्वांत पातळ काप म्हणजे 'पान', बिडीच्या पानाइतका. त्याहून जाड 'पुठ्ठा', म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याएवढा, साधारण एक मिलिमीटर. आणि सर्वांत जाड 'रुपया', जुन्या चांदीच्या रुपयाएवढा, दोन मिलिमीटरांहून किंचित अधिक. त्यापलीकडे गेला तो काप नव्हे, ते ढेकूळ, असे ते म्हणत.

कोणत्या पदार्थाला कोणते माप, हे मी तेव्हा पाठ केले. त्यामागची कारणे कळायला पुढची कितीतरी वर्षे लागली. सलामी किंवा मीठ लावून सुकवलेले मांस चवीला तीव्र आणि चावायला चिवट असते, म्हणून त्याला पान. इतका पातळ काप जिभेवर ठेवला की त्यातली चरबी तोंडाच्या उबेनेच विरघळू लागते आणि वास नाकापर्यंत पोचतो. तोच काप जाड झाला तर नुसते मीठ आणि चामडे तोंडात येते. उकडलेले हॅम मऊ आणि ओलसर, म्हणून त्याला पुठ्ठा; पान केले तर ते फाटते आणि त्याचा ओलावा ताटातच उडून जातो. भाजून गार केलेल्या मटणाला किंवा कोंबडीला रुपया, कारण त्याची चव सौम्य असते आणि दाताखाली काहीतरी लागावे अशी खाणाऱ्याची अपेक्षा असते. सँडविचमध्ये घालायचे असेल तर एका जाड कापापेक्षा तीन पातळ काप सैल घड्या घालून ठेवावेत. घड्यांच्या मधे हवा राहते, घास हलका होतो आणि दाताने ओढताना सबंध काप बाहेर येत नाही.

चीजचेही असेच. घट्ट आणि जुने चीज चवीला कडक, ते पातळ शोभते. मऊ चीज सुरीला चिकटते, म्हणून ते जाड कापावे आणि दर कापानंतर पाते गरम पाण्यात बुडवून पुसावे. पावाच्या तुकड्यावर ठेवून भाजायचे असेल तर रुपया, आणि तोही सर्वत्र सारखा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला तर पातळ बाजू करपते आणि जाड बाजू तशीच राहते. मांस असो वा चीज, कापायचे ते गार असताना, कारण तेव्हा चरबी घट्ट असते व पाते घसरत नाही. खायचे मात्र थोडी थंडी मोडल्यावर. लागेल तेवढेच कापावे, कारण काप जितका पातळ तितका तो लवकर वाळतो आणि काळवंडतो.

आणि सर्वांत मोठा नियम धाग्यांचा. "मांसाला रेघा असत्यात," आप्पा म्हणत, "रेघंच्या संगं कापलंस तर दोरी चावल्यागत लागतंय. आडवं काप." धागे आडवे तुटले की आखूड होतात आणि दातांचे निम्मे काम सुरीच करून टाकते. मी विचारले होते, "आप्पा, तुम्ही साचा का करत नाही? आजीच्या घरी बिडीचं पान पत्र्याच्या साच्यानं कापतात, सगळी पानं सारखी येतात." त्यावर ते म्हणाले, "पान सगळं एका जातीचं असतंय. मांस रोज येगळं. आन् खाणारा बी रोज येगळा." एका म्हाताऱ्या कर्नलसाहेबांचे दात गेले होते. त्यांच्या ताटात भाजलेले मटणही रुपयाऐवजी पानच जाई, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आप्पा त्याच्या घड्या उंच रचीत. ही गोष्ट ते एखाद्या गुपितासारखी सांगत.

खरे म्हणजे हे शास्त्र आपल्या घरांना परके नाही. महाराष्ट्राबाहेर कोठेही राहणाऱ्या मराठी गृहिणीला विचारा. ती मापपट्टी न घेता सांगेल की भजीचा कांदा किती पातळ हवा, वेफर्सचा बटाटा किती, सुरणाचे काप किती आणि खरवसाची वडी किती. लोणच्याची फोड लहान केली तर ती मुरण्याऐवजी विरघळते, आणि भजीचा कांदा जाड राहिला तर पीठ करपेपर्यंत तो कच्चाच राहतो. आईला हे सारे ठाऊक होते. तिची विळी आणि आप्पांची सुरी एकच विद्या जाणत होत्या. फक्त त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

माझ्याकडून झालेली एक चूक येथे सांगितली पाहिजे. १९६८ साली, मॅट्रिकच्या परीक्षेचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'लष्करी नोकरी' असे लिहिले. ते सर्वस्वी खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते. फॉर्मवर सही घ्यायला मी आप्पांकडे गेले. त्यांना मराठी चांगले वाचता येई. त्यांनी तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, त्या रकान्यापाशी बोट थांबले, पुढे सरकले, आणि त्यांनी वळणदार अक्षरात सही केली. एक शब्दही बोलले नाहीत. त्या रात्री पडवीत दगडावर सुरीला धार लावण्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच वेळ येत होता. मी अंथरुणात जागी होते. उठून जावे आणि काहीतरी बोलावे असे फार वाटले, पण उठले नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन त्याच गावात राहिले. आप्पा १९७६ साली निवृत्त झाले. सुरी तुळईच्या खाचेत कायमची विसावली. मेसमधल्या गोष्टी ते क्वचितच काढीत. मला आश्चर्य वाटे ते एका गोष्टीचे, की इतकी वर्षे ज्या वस्तू कापल्या त्यांतली एकही त्यांनी घरी कधी मागितली नाही.

१९८८ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि जबड्याची एक बाजू अधू झाली. दात त्याआधीच गेले होते. आई मऊ भात, पेज, दूध देई. ते मुकाट्याने घेत. दोन महिन्यांनी, वाचा थोडी परतल्यावर, एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावले आणि अडखळत म्हणाले, "पोरी, चीज आण की थोडं. कापलं लई, खाल्लं न्हाई."

आणंदच्या अमूलचे चीज एव्हाना बेळगावात सहज मिळू लागले होते. म्हशीच्या दुधाचे ते चीज मी कॅम्पातून डब्यात आणले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि आईच्या विळीवर कापायला बसले. विळीवर कांदा छान चिरला जातो, कारण तेथे वस्तू पात्याकडे जाते आणि कांद्याला स्वतःचा ताठरपणा असतो. चीज मात्र हाताच्या उबेने मऊ पडू लागले, पात्याला चिकटले, आणि निघाले ते वाकडेतिकडे तुकडे. मी एक तुकडा आप्पांच्या तोंडात घातला. तो त्यांना इकडून तिकडे फिरवता येईना. ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्यांनी माझ्यापुढे धरली, आणि त्यांतले अंतर हळूहळू कमी करीत आणले. पान.

मी पुन्हा बसले. पुन्हा तेच. आई चुलीपाशी उभी राहून पाहत होती. अखेर ती म्हणाली, "विळीवर व्हायचं न्हाई ते. पडवीतली त्यांची सुरी आण."

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

"आण म्हटलं ना," ती म्हणाली. मग मीच जागची हलत नाही असे पाहून ती स्वतः पडवीत गेली, स्टुलावर चढली, फडक्याची गुंडाळी काढली आणि सुरी स्वयंपाकघरात घेऊन आली. नळाखाली चिंचेने घासली, गरम पाण्याने धुतली, पदराला पुसली आणि माझ्यापुढे पाटावर ठेवली, विळीच्या शेजारी. त्यावर ती काही बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही.

चीज गार पाण्यात ठेवून घट्ट केले. सुरी दाबली नाही. पुढे नेली, मागे आणली. तिसऱ्या खेपेला असा काप निघाला की त्यातून पाटाच्या लाकडाचा रंग दिसत होता. तो मी पात्यावरच तोलून आप्पांपुढे उजेडात धरला. त्यांनी निरखून पाहिले, मान हलवली आणि तोंड उघडले. काप जिभेवर ठेवला, त्यांनी डोळे मिटले. चावण्याचे काम नव्हतेच, तो विरघळला. मग ते एका बाजूने हसत म्हणाले, "खारट हाय गं. साहेब लोक काय म्हणून एवढं खात व्हते?" आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले, आणि मग मला माझा तो १९६८ चा फॉर्म आठवला. त्या दिवशी मी त्यांना ते सांगितले. ते म्हणाले, "सही केली न्हवं मी? मग झालं तर." त्यानंतर सात महिन्यांनी ते गेले.

काही वर्षांपूर्वी मी धाकट्या मुलीकडे हॉलंडमध्ये, रॉटरडॅमला गेले होते. तेथल्या एका दुकानात थंड मांस आणि चीज काचेमागे मांडले होते, आणि कोपऱ्यात एक लालभडक लोखंडी यंत्र होते : एका बाजूला मोठे चक्र, दुसऱ्या बाजूला गोल पाते. मुलीने सांगितले की हे यंत्र याच शहरातल्या विल्हेल्म फान बेर्केल नावाच्या खाटकाने १८९८ साली काढले. चक्र हाताने फिरवले की पाते फिरते आणि मांसाचा गोळा त्याच्याकडे सरकत जाऊन परत येतो. पुढे नेणे आणि मागे आणणे. आप्पांच्या हाताची जी हालचाल तीच लोखंडात उतरवलेली. पाते सावकाश फिरते, म्हणून चरबी तापत नाही. त्या देशात घरोघरी चीज कापायला रंध्यासारखे एक साधन असते, तेही असेच हाताच्या कामातून जन्मले. नॉर्वेतल्या थोर ब्यॉर्कलुंड या सुताराने १९२५ साली आपल्या रंध्यावरून त्याची कल्पना उचलली. कोवळ्या चीजवर ते सुरेख चालते. फार जुने, ठिसूळ चीज मात्र त्याने भुगा होते, ते खडेच करून खावे लागते. साधन कितीही चांगले असले तरी माप ठरवते ती वस्तूच.

दुकानदाराने विचारले, किती जाड? मुलगी भाषांतर करणार एवढ्यात मी अंगठा आणि तर्जनी पुढे धरली. पुठ्ठा. त्याने एक काप काढला, कागदावर तोलून माझ्यापुढे उजेडात धरला आणि भुवया उंचावून पाहिले. मी मान हलवली. मुलगी म्हणाली, "आई, तू हे कुठं शिकलीस?" मी म्हटले, "तुझ्या आजोबांचा हा व्यवसाय होता." त्या अनोळखी दुकानात ते वाक्य किती सहज उच्चारले गेले! पन्नास वर्षे उशीर झाला होता, एवढेच.

आता बेळगावातही कापलेल्या चीजची पाकिटे मिळतात. सारे काप एका मापाचे, मधे प्लॅस्टिकचा कागद. नातवंडांना तेच सोयीचे वाटते आणि मी त्यांना नावे ठेवीत नाही. मात्र घरी कोणी आजारी असले, कोणाचे दात काढलेले असले, किंवा एखादे लहान मूल नव्याने घास चावायला शिकत असले, की मी सुरी काढते. ती आता पडवीत नसते. पडवीच राहिली नाही. आईच्या पश्चात विळी आणि सुरी, दोन्ही माझ्या स्वयंपाकघरात एकाच फळीवर, एकीच्या शेजारी दुसरी, अशा ठेवलेल्या आहेत.